बादलीभर अवजारं आणि एक अंगठा

अंगठा दुखतो म्हणून एक काकू गेल्या कार्तिकात माझ्याकडे आल्या. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी माझ्यासमोर एक प्लास्टिकची बादली आणून ठेवली. अंगणातून ओसरीपर्यंत आणताना ती त्यांनी दोनदा खाली टेकवली. आत अकरा अवजारं होती. तीन कात्र्या, दोन खुरपी, हातात धरायचा पंजा, उभ्यानं तण उपटायचा लांब दांडा, नळीच्या तोंडाला लावायचं पिस्तूल, आणि अशीच काही. मुलगा पुण्याला असतो आणि दर खेपेला बागेसाठी काहीतरी घेऊन येतो. काकू म्हणाल्या, "सगळी माझ्यासाठीच आणलीत गं. पण माझ्या हाताला होईल असं यात एकही नाही."

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारानं, अपघातानं किंवा वयानं हातून निसटलेलं रोजचं काम माणसाला पुन्हा करता यावं, यासाठी मी झटते. बहुतेक वेळा ते काम म्हणजे आंघोळ, साडी नेसणं, जिना चढणं, घास तोंडापर्यंत नेणं. बाग सुटली म्हणून दवाखान्यात कोणी येत नाही. घरचेही ती तक्रार मानत नाहीत, "आता वय झालं" म्हणून सोडून देतात. काकूंनीही बागेचा विषय काढला नव्हता, तो बादलीतून निघाला. हे प्रकरण त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

काकूंचं वय ७६. शाळेत गणित शिकवायच्या. घर इंदूरच्या लोकमान्य नगरात, यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली. घरापुढे बारा बाय वीस फुटांची जागा. तिच्यात मोगरा, जास्वंद, पारिजात, कढीपत्ता, अळूचा वाफा, चार गुलाब आणि फाटकावर मधुमालती. शिवाय गच्चीवर चाळीस कुंड्या. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलेला, रक्तदाबाची गोळी चालू. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. दसऱ्यानंतर एका सकाळी अळूच्या वाफ्यापाशी बसून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्यांनी भिंत धरली. पडल्या नाहीत. पण त्या दिवसापासून बागेत गेल्या नाहीत.

मुलाचा उपाय सरळ होता: माळी ठेवा. माळी होताही, महिन्यातून एकदा येणारा. तो रोज यायला तयार होता. तो मला म्हणाला, "अम्माजी से कह दो, सब हमारे पे छोड़ दें." काकूंना हे मान्य नव्हतं, आणि का ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. "माळी बाग सांभाळेल, पण मग सकाळी उठून मी काय करू?"

त्या वाक्यानंतर मी कागदावर दोन रकाने आखले. एकात त्यांच्याकडून काढून घ्यायची कामं, दुसऱ्यात त्यांच्याकडेच ठेवायची. तो कागद मी नाही, काकूंनी भरला. पुढे जे काही चुकलं त्यातलं बरंचसं मी तो कागद नीट न वाचल्यामुळे चुकलं.

एक सकाळ, काहीही न बदलता

मी त्यांना विनंती केली की एकदा नेहमीसारखं काम करा, मी फक्त पायरीवर बसून बघते. तो दिवस पाण्याचा होता. त्यांच्या गल्लीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नर्मदा इंदुरात १९७८ मध्ये आली. त्याआधीच्या टंचाईच्या आठवणी त्यांच्या पिढीच्या अंगात मुरलेल्या आहेत, नळ आला की हातातलं सगळं टाकून पाण्याला लागायचं. काकू तेच करत होत्या. नळ जमिनीपासून फूटभर उंचीवर, त्याला गोल चकती. वाकायचं, चकती मुठीत धरून पिळायची, दहा लिटरची झारी भरायची, उचलायची, वाफ्यापर्यंत न्यायची, परत यायचं. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, वर झारीचं वजन. पाऊण तासात त्यांनी अशा नऊ खेपा केल्या. त्या चकतीवर प्रत्येक वेळी पिळला जात होता तो त्यांचा दुखरा अंगठा.

अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याबद्दल एक गोष्ट बाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. अंगठा आणि बोटाच्या टोकांत चिमटीनं एक किलो जोर लावला, तर मुळाच्या सांध्यावर त्याच्या सुमारे १२ पट दाब येतो. धडधाकट सांध्याला त्याचं काही वाटत नाही, झिजलेल्याला प्रत्येक चिमूट मोजावी लागते. मी पकडमापकावर काकूंची पकड मोजली: उजवा हात १२ किलो, डावा १५. आशियाई निकषांत स्त्रियांची पकड १८ किलोंच्या खाली गेली की ती कमी धरतात. त्या उजव्या हाताच्या, आणि त्यांचा कमजोर हातही उजवाच.

त्या सकाळी खुरपं हातात घेतल्यापासून खाली ठेवेपर्यंत चार मिनिटं गेली. कात्रीचा खटका अंगठ्यानं सरकेना, शेवटी डाव्या हातानं ओढून उघडला. उघडल्यावर ती इतकी फाकली की दोन्ही दांड्या मुठीत मावेनात. तरी त्यांनी जास्वंदीची एक फांदी कापायचा प्रयत्न केला, तर ती नुसती चेचली गेली. मला एकदम वाटलं, इतकी वर्षं गणित शिकवलेली ही बाई स्वतःच्या अंगणात स्वतःला अडाणी समजू लागली आहे, आणि दोष त्या कात्रीचा आहे. ही सगळी अवजारं बहुधा तरुण, मोठ्या हाताच्या, गुडघे दुमडणाऱ्या माणसासाठी घडवलेली असतात. म्हाताऱ्या हातांना ती वापरता आली नाहीत की आपण हातांना नावं ठेवतो.

अवजारांच्याही आधी रक्तदाब पाहिला. बसून १३८, उभं राहून मिनिटाभरात ११६. वरचा आकडा उभं राहिल्यावर तीन मिनिटांत २० किंवा त्याहून जास्त उतरला तर त्याकडे डॉक्टरांनी बघायलाच हवं. मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली आणि सकाळी बागेत जाण्याआधी पाणी प्यायला सांगितलं. मी एवढंच जोडलं: उठण्याआधी बसल्या जागी पावलं दहा वेळा वरखाली हलवायची, मग उठायचं, आणि उठल्यावर लगेच चालू लागायचं नाही. धनुर्वाताची लस कधी घेतली होती तेही आठवेना, तीही घेऊन टाकली. मातीत हात घालणाऱ्या माणसाची ती दर दहा वर्षांनी व्हायला हवी.

माझी चूक

मी बाहेरून शिकून आलेली. म्हाताऱ्या माणसांच्या बागकामावरचं बरंच वाचलेलं, चित्रं पाहिलेली. त्यातूनच मी उभ्यानं तण उपटायचा आणखी एक चांगल्यातला, महागडा दांडा मागवला. बादलीतला दांडा मोडलेला होता, तो हलका होता म्हणून मोडला असेल, असा माझा समज. हा दांडा खाली रोवायचा, पायानं दाबायचा, वरची कळ ओढली की चार नखं तणाची मुळी धरतात. चित्रातल्या मातीत तो लोण्यात सुरी जावी तसा जात होता.

माळव्याची काळी माती वेगळी आहे. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. ओली असताना अवजाराला अशी चिकटते की खुरप्याचं वजन दुप्पट होतं, वाळल्यावर विटेसारखी टणक. माझा दांडा पहिल्या दिवशी वाळल्या जागी रुतलाच नाही. दुसऱ्या दिवशी पाणी घातलेल्या जागी रुतला आणि निघेना. काकूंनी ओढला, तोल गेला, मी धरलं म्हणून बरं. त्यांना पाडणारी वस्तू मीच घरात आणली होती.

काकू त्यावर रागावल्या नाहीत. ओसरीवर बसून त्यांनी मला शिकवायला घेतलं. त्यांचं माहेर देवासजवळच्या खेड्यातलं, वडील शेतकरी. म्हणाल्या, "अगं, वाफसा आला नाही तोवर मातीला हात लावायचा नसतो. बाबा बैलसुद्धा जुंपत नसत." वाफसा म्हणजे ओल आणि हवा दोन्ही बेताची असलेली मातीची स्थिती. मुठीत माती घेऊन दाबायची, लाडू झाला पाहिजे. तो कंबरेच्या उंचीवरून सोडला की फुटला पाहिजे. लाडूच झाला नाही तर माती कोरडी, फुटला नाही तर अजून ओली. हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. खरं तर काकूंनाही हे ठाऊक होतं, पण वापरात नव्हतं. पाण्याच्या दिवशी पाण्याची घाई आणि बिनपाण्याच्या दिवशी तणाची घाई, यात वाफश्याची वाट कोण बघतो?

तेव्हापासून उपायांची सगळी मांडणीच उलटली. आधी मातीची वेळ, मग पाण्याची जागा, मग बसायची जागा, आणि अवजार सगळ्यात शेवटी.

काय बदललं

पहिला खर्च नळावर. प्लंबरला बोलावून नळ फूटभरावरून कंबरेच्या उंचीवर, सुमारे ९० सेंटिमीटरवर घेतला आणि गोल चकतीच्या जागी लिव्हरचा नळ बसवला. पाव फेरीत उघडतो, कोपरानंही बंद होतो. सगळ्या प्रकरणात इतक्या थोड्या पैशांत इतका आराम दुसऱ्या कशानं दिला नाही. कोणी मला एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगते. वाफ्याच्या टोकाला विटांचा भक्कम ओटा बांधून त्यावर २०० लिटरचं पिंप ठेवलं, पाणी येईल तेव्हा ते नळीनं भरून ठेवायचं. यानं पाण्याची घाई गेली आणि वाफश्याची वाट बघायला दिवस मिळाले. झारी पाच लिटरची आणली, तीही अर्धीच भरायची. नळीच्या तोंडाचं पिस्तूल काढून टाकलं, कारण त्याची कळ पाणी चालू असेपर्यंत दाबून धरावी लागते. साधी झारीची टोपी लावली.

मग बसायची जागा. गुडघे टेकायचं फिरतं बाकडं मिळतं, त्याचे हात धरून उठता येतं, उलटं केलं की स्टूल होतं. चांगली वस्तू आहे, पण काकूंचे गुडघे टेकतच नाहीत. शेवटी घरातलीच हातांची प्लास्टिकची खुर्ची उपयोगी पडली. तिचे पाय ओल्या मातीत रुतायचे, म्हणून वाफ्याच्या कडेनं कोटा फरशीची तीन फुटी वाट केली, खडबडीत बाजू वर ठेवून. गुळगुळीत कोटा पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांना पाडतो. अळू, कोथिंबीर, पुदिना यांचा वाफा विटांनी गुडघ्याच्या थोडा वर उचलला, रुंदी दोन फूट ठेवली. खुर्चीत बसून एका बाजूनं हात पोचतो तो एवढाच. मी चार फुटी म्हणत होते, काकूंनी हात लांब करून दाखवला आणि मापच संपलं.

खुरप्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. बादलीतली दोन्ही खुरपी दिसायला सुंदर होती, रंगीत मुठीची. मूठ बारीक, पान आणि मूठ यांच्यामधली मान काळ्या मातीत वाकणारी. काकूंच्या सासूबाईंचं एक घडवलेलं लोखंडी खुरपं माळ्यावर पडून होतं. दांडा खिळखिळा, पान गंजलेलं. ते लोहाराकडे नेलं. त्यानं भट्टीत घालून पान पुन्हा ठोकलं, धार काढली आणि मान थोडी वाकवून दिली, म्हणजे माती ओढताना मनगट सरळ राहतं. मनगट मुडपलं की पकड आपोआप ढिली होते, करून बघा. सुताराकडून नवा दांडा, घट्ट पाचर. दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मूठ ३५ मिलिमीटरपर्यंत जाड केली. सर्वसाधारण हाताला ३० ते ४० मिलिमीटर जाडीची मूठ सोयीची पडते. त्याहून बारीक असली की बोटं पुरती मिटतात आणि सगळा भार अंगठ्यावर येतो. रबर ओल्या हातातून सटकतही नाही. पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या, "हे सासूबाईंचं आहे हे सांगू नकोस कोणाला, त्या हात लावू देत नसत."

कात्र्यांपैकी एक ठेवली. तिचं एक पातं दुसऱ्याच्या शेजारून सरकतं, ती हिरव्या फांदीला चांगली. दुसरीचं पातं सपाट पट्टीवर आपटतं, ती हिरवं चेचते, वाळलेल्या लाकडालाच बरी. जास्वंद चेचली जात होती ती हिच्यामुळे, आणि वर्षानुवर्षं न काढलेल्या धारेमुळे. ठेवलेल्या कात्रीची धार बारीक कानशीनं काढली, फक्त उतरत्या बाजूनं. सपाट बाजू घासली की पाती एकमेकांना भिडत नाहीत. शिवणयंत्राचं तेल सोडलं. धारदार कात्रीला लागतो तो जोर आणि बोथट कात्रीला लागतो तो जोर यांत इतकं अंतर आहे की नवी कात्री घेण्याआधी प्रत्येकानं जुनीची धार काढून बघावी. तरी खटका आणि फाकणं राहिलंच. म्हणून फुलं, पानं, कोवळ्या शेंड्यांसाठी बिनखटक्याची छोटी कातरी, आणि बोटभर जाड फांदीसाठी टप्प्याटप्प्यानं दाबायची रॅचेटवाली कात्री घेतली. ती एका दमात कापत नाही, तीन-चार वेळा दाबावी लागते, पण प्रत्येक दाब हलका. काकूंना ती आधी आवडली नाही, "किती कटकट करते!" पंधरा दिवसांनी सवय झाली. खांद्याच्या वरचं काहीही कापायचं नाही, ते माळ्याचं. मधुमालती पूर्णपणे त्याच्याकडे गेली, आणि वाफश्याला जमीन खणून देणंही. कागदावर ही दोन्ही कामं काकूंनी स्वतःच पहिल्या रकान्यात लिहिली होती.

तणाचं उत्तर अवजारात नव्हतंच. वाफश्याला माळ्यानं एकदा स्वच्छ केलं, वर चार बोटं पालापाचोळा पसरला. त्यातून येतं ते तण मऊ मातीत असतं, दोन बोटांनी निघतं. खोडापाशी मात्र पाला टेकवायचा नाही, खोड कुजतं.

गच्ची, खत आणि न जमलेलं

गच्चीवर मी पुन्हा चुकले. चाळीस कुंड्यांना ठिबक बसवायचं ठरवलं, ताशी चार लिटरच्या तोट्या आणि वेळ लावायचं यंत्र. गच्चीवरची टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम दीड मीटर उंच. पाण्याच्या दर मीटर उंचीला दाब मिळतो ०.१ बार, आणि या तोट्यांना त्याच्या कितीतरी पट लागतो. जवळच्या कुंड्या भिजल्या, लांबच्या आठवडाभर कोरड्या. नंतर तोट्या काढून नुसत्या बारीक नळ्या सोडल्या, नळीची लांबी कमी केली, तेव्हा पाणी पोचलं.

यंत्र मात्र काकूंनी काढून ठेवायला लावलं. त्या कागदावर दुसऱ्या रकान्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: संध्याकाळचं पाणी. मी वाचलं होतं आणि विसरले होते. त्या गच्चीवर फक्त पाणी घालायला जात नव्हत्या. माळव्यात उन्हाळ्याच्या दिवसालाही संध्याकाळी वारा सुटतो, त्या वेळी शेजारच्या गच्चीवरच्या बाईंशी बोलणं होतं. म्हणून आता पाणी नळ्यांतून जातं, पण वाल्व्ह त्या स्वतः उघडतात, खुर्चीत बसतात आणि बंद करून खाली येतात. उचलणं गेलं, जाणं राहिलं.

कुंड्या चाळीसच्या अठरा झाल्या. याला तीन आठवडे लागले आणि मी घाई केली नाही. बारा इंची कुंडी ओल्या काळ्या मातीनं भरली की वीस किलोंच्या वर जाते, ती सरकवणं त्यांना शक्य नाही हे त्यांना कळत होतं. पण एका कुंडीत यजमानांनी लावलेलं कलम, दुसरीत शाळेच्या निरोप समारंभातली तुळस. बावीस कुंड्या कोणाला द्यायच्या याची यादी त्यांनी केली आणि प्रत्येकीबरोबर एक चिठ्ठी दिली: ऊन किती, पाणी किती, खत कधी. उरलेल्या अठरा लोखंडी घोडीवर दोन फूट उंचीवर ठेवल्या आणि त्यांची माती बदलली: निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बाकी खत आणि थोडी माती. वजन कमी झालं. जुन्या घराच्या स्लॅबवर त्यांना मोठा मातीचा वाफा हवा होता, त्याला मात्र मी ठाम नकार दिला. ओली माती घनमीटरला पावणेदोन ते दोन टनांच्या घरात जाते.

खत विकत आणू या, असं मी म्हटलं तेव्हा त्या खरोखर दुखावल्या. "इंदुरात राहून खत विकत?" त्यांचं बरोबर होतं. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत होते, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे. तिथे त्यांनी यशवंत वाड यांच्याबरोबर काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन साधारण तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात. हॉवर्डांचं नाव सगळे घेतात, वाडांचं इंदुरातही फारसं कोणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेते. त्या पद्धतीत ढीग तीन वेळा उलथावा लागतो, आणि नेमकं तेच फावड्याचं काम काकूंना आता होत नव्हतं. आम्ही ढीगच लहान केला. टेबलावर भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट शेजारी शेजारी, जाळीच्या आत पोतं. ओला कचरा, वाळका पाला, ताकाचा शिडकावा. उलथायची वेळ आली की एका क्रेटमधून दुसऱ्यात हातपंज्यानं ओढायचं, बसल्या बसल्या. बादलीतला तो पंजा इथे कामी आला, अकरांतला दुसरा. तीनाऐवजी चार महिने लागतात.

गुलाबांचं जमलं नाही. काट्यांसाठी जाड कातडी हातमोजे घातले की काकूंची उरलेली पकडही जाते, पातळ घातले की काटा आरपार. लांब दांड्याच्या कात्रीनं छाटता येतं पण कापलेली फांदी गुंत्यातून ओढावीच लागते. ऑक्टोबरची छाटणी माळी करेल, असं सध्या ठरलं आहे. काकूंना ते पसंत नाही, कारण फांदीवर डोळा, म्हणजे नवा फुटवा येणारी जागा, कुठे आहे हे न बघता तो कापतो. कागदावर गुलाब दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलेले आहेत.

दहा महिन्यांनी उजव्या हाताची पकड १३ किलो, म्हणजे जवळपास तीच. हात बरा झालेला नाही, होणारही नाही. दुखणं आधी त्या दहापैकी सात सांगायच्या, आता तीन-चार, आणि पावसाळी हवेत पाच. बागेत सकाळची चाळीस मिनिटं असतात, मे महिन्यात साडेसहाच्या आत बाहेर, आठच्या आत घरात. बादलीतली नऊ अवजारं मुलगा परत घेऊन गेला. तो जरा खट्टू झाला होता. काकूंनी त्याला दुसरं काम दिलं: येताना कानस आण.

पारिजाताला मी काहीच केलं नाही. श्रावणात तो फुलायला लागला तेव्हा मला वाटलं, आता हे वाकून वेचणं कसं थांबवायचं? लांब दांड्याचा चिमटा सुचवला. काकूंनी ऐकून घेतलं. पुढच्या वेळी गेले तर झाडाखाली रात्रीच एक जुनी सुती साडी अंथरलेली, चारी टोकांवर दगड. सकाळी त्या खुर्ची ओढून बसल्या, पायानं जवळचे दोन दगड बाजूला केले, साडीची दोन टोकं धरून हळूहळू ओढत सगळी फुलं मांडीपर्यंत आणली. शेजारची मुलगी गणपतीसाठी परडी घेऊन उभी होती. तिला म्हणाल्या, "थांब, आधी गवत काढते." आणि निवडत बसल्या.